लो-कार्बवर परत परत लागणारी भूक आणि अडलेलं वजन: प्रोटीन मोजायचं की नाही?

लो-कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर (कार्ब) कमी केलेला आहार करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार आहे, आणि ती एकदा येऊन थांबत नाही. सुरुवातीचे दिवस झकास जातात. वजन भराभर उतरतं, भूक शांत असते, जेवणानंतरची सुस्ती गायब होते. मग काही आठवड्यांनी संध्याकाळी पोटात कावळे ओरडायला लागतात, रात्री जेवून उठल्यावरही काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं आणि वजनाचा काटा जागचा हलत नाही. कुठेतरी वाचलेलं असतं की जास्त प्रोटीनची साखर होते. म्हणून चिकन, अंडी कमी केली जातात आणि लोणी, क्रीम, सुकामेवा वाढवला जातो. चार दिवस बरं वाटतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

उत्तर आधीच देतो. प्रोटीन मोजावं, पण जन्मभर नाही. आणि मोजताना "जास्त तर झालं नाही ना?" या धास्तीने मोजू नये. "कमी तर पडत नाही ना?" हे बघायला मोजावं. वर सांगितलेलं चक्र फिरत राहतं ते बहुतेक वेळा या एका कारणाने: प्रोटीन मुळात कमी असतं, आणि उपाय म्हणून ते आणखी कमी केलं जातं.

आधी हे तपासा: वजन खरंच अडलंय का?

शरीर कार्बचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर ३ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. कार्ब तोडले की साठा उतरतो, पाणी निघून जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. त्यात चरबी फारशी नसते. पुढचा वेग त्यामानाने मंदच असणार. दहा दिवस काटा हलला नाही म्हणून आहार बदलायचं कारण नाही. महिनाभर हलला नाही, कंबरेचं मापही तेवढंच राहिलं आणि भूक वाढलेली आहे, तर मात्र पुढे वाचा.

नेमकं लागतं किती?

निरोगी प्रौढासाठी रूढ शिफारस शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रोटीनची आहे. हा आकडा कमतरता होऊ नये म्हणून ठरवलेला आहे. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर तो अपुरा पडतो. त्या काळात १.२ ते १.६ ग्रॅमचा पल्ला धरणं शहाणपणाचं. व्यायामात वजनं उचलत असाल तर वरच्या टोकाकडे झुका. पासष्टी ओलांडलेल्यांना वजन उतरवायचं नसलं तरी १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, कारण वयाबरोबर स्नायू प्रोटीनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत.

आता इथे एक घोळ हमखास होतो. किलो कोणते धरायचे? वजन १०० किलो असेल तर १०० ने गुणायचं का? नाही. जास्तीचं वजन मुख्यतः चरबीचं असतं आणि चरबीला तेवढ्या प्रोटीनची गरज नसते. उंचीला साजेसं वजन धरा. उंची १६५ सेंटीमीटर असेल तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२ प्रमाणे ते साधारण ६० किलो येतं. म्हणजे दिवसाला ७२ ते ९६ ग्रॅम प्रोटीन. या पद्धतीचा एक फायदा असा की वजन उतरत गेलं तरी आकडा तोच राहतो, दर महिन्याला नव्याने गणित मांडत बसावं लागत नाही.

"मी तर सगळं प्रोटीनचंच खातो"

हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं त्यांचं एका दिवसाचं खाणं कागदावर उतरवलं की चित्र साधारण असं दिसतं:

सकाळी क्रीम घातलेली कॉफी. दुपारी भरपूर तेल घातलेलं सॅलड, त्यात ८० ग्रॅम शिजलेलं चिकन. संध्याकाळी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बदाम. रात्री लोण्यावर केलेलं दोन अंड्यांचं ऑम्लेट, त्यात ३० ग्रॅम चीज.

वाचताना प्रत्येक खाण्यात प्रोटीन दिसतं. बेरीज करू. क्रीममधून जेमतेम १ ग्रॅम, चिकनमधून २५, बदामांतून ६, दोन अंड्यांतून १२, चीजमधून ७. एकूण ५१. गरज किमान ७२ ची. रोज वीस-एकवीस ग्रॅमची तूट, आणि खाणाऱ्याला तिचा पत्ताही नाही.

बदामांकडे जरा नीट बघा. ३० ग्रॅम बदामांत जवळपास १७५ कॅलरी असतात. त्यांतल्या प्रोटीनच्या किती? ६ ग्रॅम गुणिले ४, म्हणजे २४. बाकी बहुतेक फॅटच्या. बदाम वाईट नाहीत, पण त्यांना प्रोटीनच्या खात्यात टाकणं चूक आहे. चीजचंही तेच: ३० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम प्रोटीनमागे १० ग्रॅम फॅट येतं, आणि फॅटच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात. शेंगदाणे, पीनट बटर, अक्रोड, सगळी याच गोतावळ्यातली मंडळी.

दुरुस्ती फार मोठी लागत नाही. चिकन ८० चं १२० ग्रॅम करा, ऑम्लेटमध्ये तिसरं अंडं फोडा आणि संध्याकाळी बदामांऐवजी पाणी निथळलेलं, कमी फॅटचं, बिनसाखरेचं घट्ट दही दीडशे ग्रॅम घ्या. बेरीज ७७ च्या आसपास जाते. एकूण कॅलरी मात्र पन्नासेकनेच वाढतात, कारण बदामांच्या गेल्या. संध्याकाळची भूक दोन-तीन दिवसांत कमी होते की नाही ते बघा. झाली, तर तुमचं निदान झालं.

भूक शमण्यामागचं एक स्पष्टीकरण स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राउबेनहायमर या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं. त्यांच्या मते माणूस प्रोटीनची गरज भागेपर्यंत खात राहतो. अन्नात प्रोटीन विरळ असेल तर ती गरज भागवण्याच्या नादात बाकीचं अन्न जास्त जातं. हे गृहीतक आहे, अंतिम सत्य नाही. पण लो-कार्बवर रात्री चीजचा डबा उघडणाऱ्यांना ते चांगलंच लागू पडतं. शिवाय प्रोटीन पचवण्यातच त्याच्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्ची पडतात. फॅटच्या बाबतीत हा खर्च फार तर ३ टक्के.

मोजतोय, तरी गणित चुकतंय

सगळ्यात मोठी गफलत: चिकनचं वजन म्हणजे प्रोटीनचं वजन असं धरणं. "मला ८० ग्रॅम प्रोटीन हवं, मी ८० ग्रॅम चिकन खाल्लं, झालं." नाही झालं. कच्च्या चिकनच्या छातीच्या मांसात १०० ग्रॅममागे २२-२३ ग्रॅम प्रोटीन असतं, उरलेलं बहुतांश पाणी. ही गफलत इतकी सर्रास आहे की ॲप, काटा, टक्केवारी या सगळ्याच्या आधी तेवढं एक विचारून घ्यावं.

दुसरी गफलत कच्च्या-शिजलेल्याची. शिजताना मांसातलं पाणी जातं आणि वजन साधारण पाव हिश्श्याने घटतं. प्रोटीन तेवढंच राहतं, म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ते ३१ च्या घरात दिसतं. १५० ग्रॅम कच्चं चिकन शिजून ११० होतं. दोन्हीत प्रोटीन ३४ ग्रॅमच. पण वजन कच्च्याचं केलं आणि ॲपमध्ये नोंद "शिजलेलं चिकन" अशी निवडली, तर ४६ लिहिलं जातं. उलट केलं तर २५. दोन जेवणांत मिळून वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक असा हवेत जातो. कच्चं मोजायचं की शिजलेलं, यावर लोक तावातावाने वाद घालतात. माझं मत: काहीही धरा, पण एकच धरा, आणि नोंदही त्याचीच निवडा. घरात चौघांसाठी एकत्र शिजत असेल तर शिजलेलं मोजणं सोपं, कारण आपल्या वाट्याला आलेलंच मोजता येतं. रिकामी ताटली काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, मग वाढून घ्यायचं. दहा सेकंदांचं काम.

डाळी आणि कडधान्यांत हाच घोळ उलट्या दिशेने होतो, कारण ती शिजताना पाणी पितात. सुक्या मसुरीत १०० ग्रॅममागे २४-२५ ग्रॅम प्रोटीन, शिजलेल्यात फक्त ९. आणि त्या ९ सोबत २० ग्रॅम कार्ब येतात, त्यांतले ८ फायबरचे. म्हणजे शाकाहारी माणसाने सगळं ७० ग्रॅम प्रोटीन मसुरीतूनच घ्यायचं ठरवलं तर पाऊण किलोहून जास्त शिजलेली मसूर लागेल, आणि कार्ब दीडशेच्या पार जातील. दिवसाला १०० ते १३० ग्रॅम कार्बची मोकळी मर्यादा असेल तर डाळींना जागा आहे. कीटो म्हणजे अगदी कडक लो-कार्ब आहार, त्याच्या २० ते ५० ग्रॅमच्या मर्यादेत ती नाही. तिथे टोफू, सोया, घट्ट दही, चालत असतील तर अंडी, आणि गरज पडली तर प्रोटीन पावडर, यांवरच भिस्त ठेवावी लागते. टोफूचं पाकीट मात्र उलटून वाचा. मऊ आणि घट्ट टोफूच्या प्रोटीनमध्ये दुपटीचा फरक असू शकतो.

पावडर घेत असाल तर डब्यातल्या चमच्यावर विसंबू नका. चमचा भरताना दाबला गेला की वजन वाढतं. एकदा काट्यावर टाकून बघा आणि लेबलवर एका मापाचे किती ग्रॅम लिहिलेत ते ताडून घ्या. ॲपमधल्या "१ तुकडा", "१ वाटी" असल्या नोंदींचंही तसंच: त्या कोणीतरी स्वतःच्या तुकड्यावरून, स्वतःच्या वाटीवरून भरलेल्या असतात.

पण जास्त प्रोटीनची साखर होते ना?

यात तथ्य आहे, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. यकृत अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रोटीनच्या घटकांपासून, ग्लुकोज (साखर) बनवू शकतं, हे खरं. पण ते काम मुख्यतः गरजेनुसार चालतं. ताटात मांसाचा एक तुकडा वाढला म्हणून रक्तात तेवढी साखर ओतली जात नाही. प्रोटीन खाल्ल्यावर साखर उतरवणारं इन्सुलिन आणि साखर चढवणारं ग्लुकॅगॉन दोन्ही वाढतात आणि एकमेकांचा परिणाम सावरून धरतात. त्यामुळे मधुमेह नसलेल्या माणसाची साखर प्रोटीनच्या जेवणानंतर फारशी हलत नाही.

मग ही धास्ती आली कुठून? कीटो आहाराचा उगम वजन उतरवण्यासाठी झालेला नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारावरचा उपचार म्हणून सुचवला. त्याच्या मूळ रूपात वजनाने ४ भाग फॅटला प्रोटीन आणि कार्ब मिळून १ भाग, असं प्रमाण असतं. तिथे कीटोनची (चरबी जळताना यकृतात बनणाऱ्या पदार्थांची) पातळी हाच उपचाराचा गाभा आहे, म्हणून प्रोटीनवर कडक वरची मर्यादा आणि प्रत्येक घास तोलून. फिट्स थांबवण्यासाठी ठरवलेली ती मर्यादा वजन कमी करणाऱ्यांनी जशीच्या तशी उचलली. गंमत म्हणजे अपस्मारासाठीच अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पुढे आलेल्या सुधारित ॲटकिन्स आहारात (ॲटकिन्स हा एक लो-कार्ब आहार) प्रोटीनवर बंधन ठेवलेलंच नाही.

प्रोटीन वाढवल्यावर कीटोनचा आकडा थोडा उतरू शकतो. उतरू दे. रक्तातले कीटोन लिटरमागे ०.९ मिलिमोलवरून ०.६ झाले म्हणून चरबी जळायची थांबत नाही. तो आकडा तुम्ही किती फॅट खाल्लंय यावरही हलतो. लघवीच्या पट्ट्या तर आणखी फसव्या. त्या ॲसिटोॲसिटेट हा एकच कीटोन तेवढा दाखवतात आणि किती पाणी प्यायलात त्याप्रमाणे रंग बदलतात. पट्टी फिकट पडली म्हणून अंडं सोडून लोण्याचा गोळा खाल्ला, असं चालू असेल तर पट्ट्यांची डबी कपाटात ठेवून द्या.

खरंच जास्त झालं तर?

होऊ शकतं, पण वेगळ्या वाटेने. काही जण कार्ब सोडतात आणि जुन्या भीतीने फॅटही सोडतात. उरतं काय? उकडलेलं चिकन, अंड्यातला पांढरा भाग आणि पावडर. मग मळमळ, थकवा, पोट बिघडणं आणि पोटभर खाऊनही न भागणारी भूक. ध्रुवप्रदेशात फिरलेला विल्यालमुर स्टेफान्सन १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात देखरेखीखाली फक्त मांसावर राहिला, तेव्हा सुरुवातीला त्याला चरबी नसलेलं मांस दिलं गेलं. काही दिवसांतच तो आजारी पडला, आणि चरबी असलेलं मांस दिल्यावर सावरला. प्रोटीनमधून मिळणाऱ्या कॅलरी दिवसाच्या एकूण कॅलरींच्या साधारण ३५ टक्क्यांच्या आत ठेवल्या की या वाटेला जायची वेळ येत नाही. १५०० कॅलरींच्या दिवसात ३५ टक्के म्हणजे १३० ग्रॅम प्रोटीन. वरचं ७२ ते ९६ त्याच्या बरंच अलीकडे आहे.

बद्धकोष्ठ झालं की लोक प्रोटीनला बोल लावतात. बहुतेक वेळा दोष भाज्या आणि पाणी कमी पडल्याचा असतो.

यांनी अंदाजावर राहू नये

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रोटीन स्वतःच्या मनाने वाढवू नये आणि कमीही करू नये. तिथे डॉक्टर सहसा ०.८ ग्रॅमच्या आसपास थांबायला सांगतात आणि तो आकडा आजाराच्या टप्प्याप्रमाणे ठरतो. मूत्रपिंडं निरोगी आहेत की नाहीत हे माहीतच नसेल, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आहार सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडाच्या कामाच्या तपासण्या) तपासून घ्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित वेगळं. टाइप १ मधुमेहात प्रोटीनच्या मोठ्या जेवणानंतर साखर लगेच नाही, तीन ते पाच तासांनी चढू शकते, कारण ग्लुकॅगॉन वाढतं पण त्याला आवरणारं स्वतःचं इन्सुलिन नसतं. इथे प्रोटीन मोजणं भाग आहे. इन्सुलिन किंवा मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असताना कार्ब एकदम तोडले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मधुमेहावरच्याच एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्यांबरोबर कीटो आहार घेतला तर साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याची धोकादायक अवस्था) होऊ शकतो. ही औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर, मग काटा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही हेच.

आणि ज्यांचं खाण्याशी नातं पूर्वी बिघडलेलं आहे, आकड्यांच्या मागे लागून जेवण सुटलेलं आहे, त्यांनी वजनकाटा स्वयंपाकघरात आणूच नये. त्यांच्यासाठी तळहाताचं माप आहे: बोटं सोडून तळहाताएवढा, तेवढाच जाड शिजलेल्या मांसाचा किंवा माशाचा तुकडा म्हणजे २० ते ३० ग्रॅम प्रोटीन. प्रत्येक जेवणात एक.

जीव न शिणवता मोजायची पद्धत

दोन आठवडे सगळं मोजा, सुट्टीच्या दिवसांसकट. सुट्टी वगळली तर नोंद खोटी पडते. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त लिहा, म्हणजे तूट कुठे आहे ते कळेल. बहुतेकांची ती सकाळी निघते. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्ती करा. सकाळच्या खाण्यात २५-३० ग्रॅम प्रोटीन आलं की पुढचा दिवस सोपा जातो. नुसत्या क्रीमच्या कॉफीने दिवस काढलात तर रात्रीच्या एका जेवणात ७२ ग्रॅम बसवताना दमछाक होते.

दोन आठवड्यांत डोळा तयार होतो. आपल्या ताटलीत १२० ग्रॅम चिकन केवढं दिसतं ते कळलं की काटा बाजूला ठेवा. पण डोळा पुन्हा ढिला पडतो, आणि तुकडे नकळत लहान किंवा मोठे होतात. तक्रार परत येण्याचं हे दुसरं कारण. म्हणून भूक वाढली, व्यायाम बदलला, घरातला स्वयंपाक करणारा हात बदलला, मांसाहार सोडला किंवा आजारपणातून उठलात, की तीन-चार दिवस पुन्हा मोजा. रोज ॲप भरत बसायची गरज नाही. जे वर्षभर रोज भरतात त्यांच्या नोंदीही पुढे पुढे कालच्यावरून आज उतरवलेल्या असतात.

प्रोटीन भरलं, कार्ब आटोक्यात, तरी वजन तिथेच

मग आता फॅट मोजा, फक्त तीन दिवस. भांड्यात ओतलेलं तेल बाटलीसकट आधी आणि नंतर काट्यावर ठेवा. डोळ्याला एक चमचा वाटणारं तेल बऱ्याचदा दोन चमचे निघतं, आणि एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. क्रीम, सॅलडवरचं तेल, चव बघताना तोंडात गेलेलं चीज, जाता-येता उचललेला सुकामेवा, हे सगळं लिहा. लो-कार्बवर फॅट हवं तेवढं खा, हा सल्ला सुरुवातीच्या आठवड्यांत भूक मोडण्यापुरता ठीक आहे. अंगावरची चरबी जाळायची असेल तर ताटातल्या फॅटने तिची जागा घ्यायला नको.

तिथेही गळती सापडली नाही आणि जोडीला थकवा, थंडी वाजणं, केस गळणं असं काही असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. नुसते केस गळत असतील आणि आहार सुरू करून दोन-तीन महिने झाले असतील, तर भराभर वजन उतरल्यावर असं होतं आणि बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. या काळात ताटातलं प्रोटीन मात्र कमी होऊ देऊ नका.